वेल्डरच्या बंदुकीचे तोंड

सिल्वासाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा धाकटा मुलगा आयटीआयमधून वेल्डरचा अभ्यासक्रम पुरा करून खडोलीच्या बाजूस एका शेडमध्ये कामाला लागला. लोखंडी जिने, कठडे, माल ठेवण्याचे घोडे असे काम तेथे चालते. आरंभीचे काही महिने बरे गेले. परंतु आता त्याच्या सांध्यांत टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडू लागली आहेत. तपासनीस माल नापास करतो, ठेकेदार पगारातून पैसे कापून घेतो आणि पोरगा घरी आल्यावर कोणाशी बोलत नाही. माउलीचा प्रश्न साधा आहे. हाताला कसब नाही म्हणून हे होते, की हत्यारात काही बिघाड आहे?

पत्रावरून निदान करणे वैद्यालाही अवघड, तेव्हा आम्ही ते कसे करावे? तथापि त्यांनी एक गोष्ट ओघात लिहिली आहे, तीवर आमचे लक्ष खिळले. मुलगा सांगतो की शेडमध्ये सर्वजण बंदूक टेबलावर आपटूनच साफ करतात. हे वाचल्यावर या आठवड्याचा विषय आपोआप ठरला, कारण हाच प्रकार वापी, पालघर, वसई, भिवंडी, जेथे म्हणून लोखंडाचे काम चालते तेथे सर्वत्र दृष्टीस पडतो.

सिल्वासाविषयी दोन शब्द आधी लिहिणे आवश्यक आहे. १९५४ च्या २ ऑगस्टला तेथील पोर्तुगीज अंमल संपला, तेव्हा दमणगंगेच्या काठचे ते एक लहानसे गाव होते आणि भोवतालचा मुलूख वारली, कोकणा, धोडिया अशा लोकांच्या शेतीचा व जंगलाचा होता. पुढे पिपरियाला सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत निघाली, मागाहून मसाट व खडोली येथे सरकारी वसाहती आल्या आणि करसवलतींच्या ओढीने कारखान्यांची रीघ लागली. आज तेथे सूत, प्लॅस्टिक, तारा, औषधे असे नाना प्रकारचे उत्पादन होते. जेथे कारखाना तेथे शेड, जेथे शेड तेथे लोखंड आणि जेथे लोखंड तेथे वेल्डर हवाच. आमच्या वसई-पालघरकडची कित्येक मुले वापी स्टेशनावर उतरून तिकडे कामाला जातात ती याच कारणाने.

आता मूळ गोष्ट. पूर्वीच्या वेल्डिंगमध्ये हातभर लांबीची काडी होल्डरमध्ये धरीत. काडीवरील लेप जळून जो धूर व जी मळी होई, ती वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखी पसरून त्याचे हवेपासून रक्षण करी. मिगच्या पद्धतीत काडी नाही. रिळावरची बारीक तार, बहुधा ०.८ किंवा १.२ मिलीमीटर जाडीची, यंत्र अखंडपणे बंदुकीत ढकलीत असते आणि पांघरुणाचे काम वायू करतो. ही पद्धत १९४८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील बॅटल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ॲल्युमिनियमसाठी सिद्ध झाली. तेव्हा ऑर्गनसारखे वायू वापरीत आणि ते महाग पडत. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की व नोवोशिलोव या सोव्हिएत संशोधकांनी पोलादासाठी कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त वायू चालतो असे दाखविले आणि मग ही पद्धत गल्लीबोळांतल्या कारखान्यांपर्यंत पोचली. आपल्याकडचे कारागीर तिला सरळ सीओटू म्हणतात. शास्त्रशुद्ध बोलायचे तर कार्बन डायऑक्साइड हा निष्क्रिय वायू नव्हे, त्यामुळे या प्रकाराला मिग न म्हणता मॅग म्हटले पाहिजे. पण शेडमध्ये असा शब्दच्छल करीत बसण्यास कोणाला सवड आहे?

या बंदुकीच्या टोकाशी जे तांब्याचे किंवा पितळेचे टोपण असते तेच नोझल. त्याच्या पोटात मधोमध तांब्याची एक छोटी टिप असते. तिच्या छिद्रातून तार बाहेर येते आणि तिच्याच स्पर्शाने तारेला वीज मिळते. टिपेच्या मागे डिफ्यूजर असतो. त्याच्या भोवतालच्या बारीक छिद्रांतून वायू सारखा वाटला जाऊन नोझलच्या तोंडातून शांतपणे बाहेर पडतो. नोझल आणि टिप यांच्यामध्ये वीज जाऊ न देणारे एक कडे असते. इतकाच हा संसार, मुठीत मावेल एवढा.

वितळलेल्या धातूचे जे शिंतोडे उडतात त्यांना कारागीर स्पॅटर म्हणतात. निव्वळ कार्बन डायऑक्साइड वापरला की ते अधिक उडतात, त्यात ऑर्गन मिसळला की कमी होतात. हे कण नोझलच्या आतील भिंतीला चिकटतात. प्रथम एखादा, मग त्याच्या आधाराने दुसरा, असे करता करता मधमाश्यांच्या पोळ्यासारखा थर तयार होतो. तोंड अरुंद झाले की वायू सरळ न निघता भोवऱ्यासारखा फिरू लागतो आणि आपल्याबरोबर बाहेरची हवा आत ओढून घेतो. हवेतील नत्रवायू व प्राणवायू वितळलेल्या पोलादात शिरतात. पोलाद थंड होऊ लागले की त्यांना बाहेर पडावेसे वाटते, पण तोवर वरचा पृष्ठभाग गोठलेला असतो. जे बुडबुडे बाहेर निसटले त्यांची भोके दिसतात. जे आत अडकले ते दिसत नाहीत, आणि खरे भय त्यांचेच.

मौज अशी की भोके दिसताच पुष्कळ कारागीर सिलिंडरची चावी आणखी उघडतात. वायू कमी पडतो आहे, तर अधिक सोडावा, असा त्यांचा हिशेब. साधारण कामाला मिनिटास १२ ते १५ लिटर वायू पुरतो. अर्धवट बुजलेल्या तोंडातून त्याहून जास्त रेटला तर भोवरा आणखी वाढतो, हवा आणखी आत येते आणि सिलिंडर मात्र लवकर रिकामा होतो.

याहून वाईट गोष्ट अशी की साचलेला स्पॅटर एके दिवशी टिपेपासून नोझलपर्यंत पूल बांधतो. मग जी वीज केवळ तारेत असावयाची ती नोझलमध्येही उतरते. असे नोझल कामाच्या लोखंडाला टेकले की तेथेच ठिणगी पडते, तोंड जळते आणि टोपण वाया जाते. पावसाळ्यात हातमोजे ओले असताना अशा नोझलला हात लावणे तर सर्वथा टाळावे. सिल्वासाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको.

आता आपटण्याविषयी. टेबलाच्या कडेवर बंदुकीचे दोन ठोके दिले की स्पॅटर खळकन् खाली पडतो, हे खरे आहे, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण तांबे मऊ असते. ठोक्यांनी तोंडाचा गोल चेपून लंबगोल होतो, आतले कडे तडकते, आटे झिजतात, बंदुकीची मान वाकते. तोंड वाकडे झाले की तार मध्यावर राहत नाही आणि वायूचे पांघरूण एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ पडते. म्हणजे साफ करण्याच्या नादात जो दोष घालवायचा तोच कायमचा घरात घेतला. कित्येकजण आपटत नाहीत, पण स्क्रूड्रायव्हरने आतून ओरबाडतात. तेही बरे नव्हे. गुळगुळीत भिंतीवर स्पॅटर धरत नाही. ओरखड्यांत मात्र तो घट्ट रुतून बसतो.

या कामासाठी नोझल साफ करण्याची खास पक्कड मिळते. तिची चोच नोझलच्या आत घालून फिरविली की भिंतीवरचा थर सुटतो. तिच्याच कडांनी बाहेर आलेली तार नेमकी कापता येते आणि नोझल व टिप पकडून काढताही येतात. एका हत्याराने तीन कामे होतात. मोठ्या कारखान्यांत जेथे यंत्रमानव वेल्डिंग करतात, तेथे बंदूक ठराविक फेऱ्यांनंतर स्वतःच एका स्थानकावर जाते, फिरते पाते तिचे तोंड आतून खरवडते आणि औषधाचा हलका फवारा मारते. यंत्रमानवाला कंटाळा येत नाही, त्याला ठेकेदार घाईही करीत नाही. माणसाने तेच काम स्मरणाने करावयाचे असते, म्हणून त्याची वेळ ठरलेली असावी. रोजच्या जाड कामात दर काही सांध्यांनंतर नोझलच्या तोंडात डोकावून पाहावे आणि थर कोवळा आहे तोवरच काढावा. कोवळा थर पकडीच्या एका फेऱ्यात सुटतो, मुरलेला थर मात्र ठोके मागतो.

जेवणाच्या सुटीत किंवा पाळी संपताना नीट सफाई करावी. यंत्र बंद करावे, हातमोजे चढविलेलेच असू द्यावेत, नोझल काढून प्रकाशाकडे धरावे. तोंड गोल आहे की नाही आणि कड्याला तडा गेला आहे काय हे पाहावे. नंतर डिफ्यूजरकडे वळावे, कारण बहुतेकांची नजर नोझलवरच थांबते आणि मागची छिद्रे बुजलेलीच राहतात. ती बारीक तारेने मोकळी करावीत. टिपेचे छिद्र तारेच्या सततच्या घासण्याने एका बाजूस झिजून किल्लीच्या भोकासारखे लांबट होते. तसे झाले की तारेला वीज एकसारखी मिळत नाही, आर्क अडखळतो, शिंतोडे वाढतात आणि कधी कधी तार मागे जळत येऊन टिपेलाच चिकटते. अशी टिप घासून पुन्हा वापरण्याचा लोभ धरू नये, बदलून टाकावी. नवी टिप नुसत्या बोटांनी न फिरविता पकडीने घट्ट बसवावी. सैल टिप तापते आणि लवकर संपते. शेवटी नोझल पूर्ण आत बसले आहे याची खात्री करावी, कारण अर्धवट बसलेल्या नोझलच्या फटीतूनही हवा शिरते.

स्पॅटर चिकटू नये म्हणून जेल व फवारे मिळतात. नोझल गरम असताना त्याचे तोंड जेलमध्ये बोटाच्या दोन पेरांइतके बुडवून झटकले की पुरे. पुष्कळजण लोणच्याच्या बरणीत चमचा बुडवावा तशी सबंध बंदूक बुडवितात! मग जेल डिफ्यूजरच्या छिद्रांत आणि कड्यात शिरते, तेथे धूळ धरते आणि जे निवारण्यासाठी आणले तेच त्याच्यामुळे घडते. काही ठिकाणी जेलऐवजी ग्रीस किंवा जळके तेल लावतात. तेलात उज्जवायू, म्हणजे हायड्रोजन असतो. तो आर्कच्या उष्णतेने मोकळा होऊन सांध्यात भोके पाडतो, शिवाय धूर होतो तो वेगळाच.

येथे एक गंभीर इशारा द्यावयाचा आहे. लोखंडावरचे तेल काढण्यासाठी जी रसायने येतात त्यांपैकी ट्रायक्लोरोइथिलीन, मिथिलीन क्लोराइड यांसारख्यांत क्लोरीन असते. त्यांच्या वाफेवर आर्कची उष्णता व अतिनील किरण पडले की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे प्राण घेण्यासाठी वापरलेला तो हाच वायू. त्याचा परिणाम पुष्कळदा काही तासांनी, माणूस घरी गेल्यावर जाणवतो. यास्तव अशा रसायनाने नोझल किंवा लोखंड कधीही पुसू नये, आणि जवळपास कोणी पुसत असेल तर तेथे आर्क पेटवू नये. डब्यावरचे लेबल इंग्रजीत असते म्हणून ते सोडून देऊ नये. ज्याला वाचता येते त्याच्याकडून वाचवून घ्यावे.

नोझल चकचकीत असूनही भोके पडतातच, अशी तक्रार कोणी केली तर ती खोटी मानू नये. गंजलेले, रंगाचे, ओले लोखंड हेही कारण असते. कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि वायू तुटक येतो, हेही असते. त्यासाठी हीटर जोडतात, तो चालू आहे काय हे पाहावे. टिपेबाहेर तार फार लांब ठेवली, १० ते १५ मिलीमीटरच्या पुष्कळ पलीकडे, तर वायूचे पांघरूण तोकडे पडते. तार ज्या नळीतून येते त्या लायनरमध्ये तांब्याचा चुरा व धूळ साचते. रीळ बदलताना केबल सरळ ताणून दाबाच्या हवेने ती फुंकून काढावी. पावसाळ्यात उघडे रीळ रात्रभर यंत्रावर ठेवले तर तार गंजते आणि तो गंज लायनरमध्ये उतरतो. एक जुने प्लॅस्टिकचे पोते त्यावर घातले तरी पुष्कळ बचाव होतो.

परंतु आमच्या भागात सर्वांत मोठा चोर म्हणजे पंखा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली, चामड्याचे हातमोजे व मुखवटा चढवून जो माणूस आठ तास उभा राहतो, त्याने पंखा लावू नये असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण त्याच पंख्याची झुळूक वायूचे पांघरूण उडवून लावते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दारेखिडक्या लावून काम करणे त्याहून वाईट, कारण वेल्डिंगचा धूर फुप्फुसांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मनुष्यास निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या वर्गात केला. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काम केल्यास त्याच संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. एखाद्या दिवसात तो उतरतो, म्हणून घरचे लोक त्याला हिवताप समजून विसरून जातात. आमच्या मते यातला मार्ग असा की पंख्याचा झोत वेल्डरच्या अंगावर यावा, पण आर्कला लागू नये, यासाठी मध्ये आडोसा उभा करावा. आणि धूर ओढून घेणारे धुराडे आर्कच्या जवळ, पण वायू हलणार नाही इतक्या अंतरावर असावे. याचा खर्च मालकाने करावयाचा आहे, वेल्डरने नव्हे.

एवढ्याशा भोकांचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. १९८० च्या २७ मार्चला उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतील अलेक्झांडर एल. कीलँड हा तरंगता तळ वादळात उलटला आणि त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ मरण पावली. चौकशीत मूळ सापडले ते एका लहानशा सांध्यात. समुद्रातील आवाज टिपणारे उपकरण बसविण्यासाठी एका आडव्या नळीला एक छोटा आधार जोडला होता, ६ मिलीमीटरच्या वेल्डने. तो सांधा नीट साधला नव्हता. त्यात पडलेल्या तड्याच्या आत रंग आढळला, म्हणजे तळ रंगविला तेव्हाच तो तडा तेथे होता! तेथे नोझलचा प्रश्न नव्हता, हे आम्ही जाणतो. पण बिनमहत्त्वाचा म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, असा तो सांधा होता. जिन्याचा कठडाही तसाच असतो. त्याला कोण टेकणार आहे हे वेल्डरला ठाऊक नसते.

पगारातील कपातीविषयी त्या भगिनींनी स्पष्ट विचारलेले नाही, तरी सांगतो. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात असे होते की नुकसानीबद्दल पैसे कापावयाचे तर ते कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीच्या रकमेहून अधिक असता कामा नये आणि त्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व ठेवले आहे. ज्या शेडमध्ये नोझल साफ करण्याची पक्कड नाही, झिजलेली टिप बदलून मिळत नाही आणि पंख्याला आडोसा नाही, तेथे भोकांचा सगळा दोष वेल्डरच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. चिरंजीवांनी भांडण न करता एक वही ठेवावी: कोणत्या दिवशी टिप मागितली, कधी मिळाली, सिलिंडर केव्हा बदलला, त्या दिवशी किती सांधे नापास झाले. पंधरा दिवसांची अशी वही ठेकेदारापुढे ठेवली तर बोलणे सोपे जाते, आणि दोष खरोखर हाताचा असेल तर तेही तिच्यातूनच कळेल.

एक किरकोळ गोष्ट राहिली. झिजलेल्या टिपा व फुटकी नोझले शेडच्या केरात जातात असे पुष्कळदा दिसते. ते तांबे आहे, आणि तांब्याला भंगारातही चांगला भाव येतो. तांबे शुद्ध करून त्याच्या सळया काढणारा कारखाना तर सिल्वासातच उभा राहिलेला आहे. त्या वस्तू कारखान्याच्या मालकीच्या असल्याने कोणी खिशात घालू नयेत हे उघड आहे. पण एका डब्यात साठवून मालकाच्या स्वाधीन कराव्यात आणि त्या विकून येणाऱ्या पैशांतून पुढच्या टिपा व एक चांगली पक्कड आणावी अशी विनंती करावी. ती बहुधा नाकारली जात नाही.